भूकंपाचा इशारा व इमारतींची सुरक्षितता, मेक्सिको सिटीतील

भूकंपाचे विनाशकारी धक्के शहरात पोहोचण्यापूर्वी रहिवाशांना सावध करणारी आणि त्या धक्क्यांत इमारतींचे वर्तन कसे असते याची नोंद ठेवणारी, परस्परपूरक अशी योजना. असा इशारा म्हणजे भूकंपाचे भाकीत नव्हे. भूकंप सुरू झाल्यावरच तो दिला जातो. भूकंपतरंग खडकांतून सेकंदाला काही किमी. वेगाने जातात, तर रेडिओसंदेश जवळजवळ तत्काळ पोहोचतो. या फरकामुळे मिळणारा अवधी हाच इशाऱ्याचा आधार होय. १८६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील भूकंपानंतर जे. डी. कूपर यांनी शहरापासून दूर भूकंपदर्शक उपकरणे बसवून तारायंत्राने शहरातील घंटा वाजवावी, अशी सूचना वृत्तपत्रातून केली होती. तथापि ती अंमलात आली नाही. सर्वसामान्य नागरिकांपर्यंत इशारा पोहोचविणाऱ्या आद्य व्यवस्थांमध्ये मेक्सिकोतील व्यवस्थेची गणना होते.

मेक्सिको सिटीचा जुना भाग तेस्कोको सरोवराच्या तळावर वसलेला आहे. ॲझटेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान या सरोवरातील बेटावर होती. स्पॅनिश अंमलापासून पाण्याचा निचरा करण्यात आला व गाळाच्या मऊ मातीवर शहर विस्तारत गेले. ही माती दुरून येणाऱ्या कंपनांचा जोर अनेक पटींनी वाढविते. २८ जुलै १९५७ च्या भूकंपात शहरातील स्वातंत्र्यस्तंभावरील देवदूताचा पुतळा खाली कोसळला. मात्र आदल्याच वर्षी पूर्ण झालेला ४४ मजली ‘लातिनोअमेरिकाना’ मनोरा सुरक्षित राहिला. लिओनार्दो सेव्हार्त यांनी अभिकल्पिलेल्या या मनोऱ्यात मजल्यांचे सापेक्ष विस्थापन मोजणारी उपकरणे होती. त्यांच्या नोंदींमुळे गणिताने काढलेले निष्कर्ष प्रत्यक्ष भूकंपात पडताळून पाहता आले. १९४२ पासून अस्तित्वात असलेले भूकंपविषयक बांधकाम-नियम १९५७ नंतर अधिक कडक करण्यात आले.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी मिचोआकान किनाऱ्याजवळ ८·० महत्तेचा भूकंप झाला. अपिकेंद्र राजधानीपासून ३५० किमी. हून अधिक दूर असूनही शहरात सु. ४०० इमारती कोसळल्या व हजारो लोक मृत्युमुखी पडले. सरोवरतळावरील एका केंद्रात नोंदला गेलेला महत्तम प्रवेग टेकडीकडील कठीण जमिनीवरील प्रवेगाच्या सु. पाचपट होता. तेथील कंपनांचा आवर्तकाल सु. दोन सेकंद होता व मध्यम उंचीच्या अनेक इमारतींचा आवर्तकाल त्याच्याशी जुळल्याने अनुस्पंदन घडून आले. सहा ते पंधरा मजली इमारतींची हानी त्यामुळेच विशेष झाली. या अनुभवानंतर तातडीचे नियम व पुढे १९८७ ची नवी बांधकाम-संहिता लागू झाली. शहरात प्रवेगलेखकांचे जाळे उभारण्यात आले.

याच आपत्तीतून १९८६ मध्ये भूकंपीय उपकरणयोजना व नोंदणी केंद्र स्थापन झाले. राजधानीपासून सु. ३०० किमी. अंतरावरील गेरेरो किनाऱ्यावर बऱ्याच काळात मोठा भूकंप झालेला नव्हता. म्हणून १९९१ मध्ये तेथे १२ केंद्रांची इशारा-व्यवस्था प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. १९९३ पासून आकाशवाणीद्वारे इशारा जनतेला मिळू लागला. १४ सप्टेंबर १९९५ रोजी ७·३ महत्तेच्या भूकंपाच्या वेळी राजधानीला ७२ सेकंदांचा अवधी मिळाला. पुढे ओआहाका व इतर प्रदेशांत केंद्रे उभारून व्यवस्थेचा विस्तार करण्यात आला.

तिच्या मर्यादा २०१७ मध्ये स्पष्ट झाल्या. ७ सप्टेंबर रोजी दक्षिण किनाऱ्याजवळ ८·२ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा राजधानीतील लोकांना एक मिनिटाहून अधिक अवधी मिळाला. १९ सप्टेंबर रोजी, १९८५ च्या आपत्तीच्या स्मृतिदिनी, सकाळी शहरात भूकंप-सराव झाला आणि सु. दोन तासांनी ७·१ महत्तेचा भूकंप झाला. अपिकेंद्र केवळ सु. १२० किमी. अंतरावर होते. भोंगे वाजले तेव्हा अनेक भागांत हादरे जाणवू लागलेच होते. देशात ३६९ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी २२८ राजधानीतील होत्या. कोसळलेल्या सु. ४० इमारतींपैकी बहुतेक १९८५ पूर्वीच्या नियमांनुसार बांधलेल्या होत्या. एका खासगी शाळेची नियमबाह्य रीतीने वाढविलेली इमारत कोसळून १९ मुलांसह २६ जण दगावले.

इशारा मिळाल्यास माणसाला जिना उतरता येतो, गाडी थांबविता येते, वायूची झडप बंद करता येते. परंतु कच्च्या इमारतीला त्यामुळे बळकटी येत नाही. भूकंप जवळ झाल्यास रहिवाशांचे प्राण मुख्यतः बांधकामाच्या दर्जावर अवलंबून असतात. नवे नियम जुन्या इमारतींना आपोआप लागू होत नसल्याने त्यांची पाहणी व मजबुतीकरण हे इशारा-व्यवस्थेइतकेच महत्त्वाचे कार्य ठरते.