पेनसिल्व्हेनियातले ‘पेन’ नेमके कोण?

अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया वसवलं विल्यम पेनने. पण राज्याच्या नावातले ‘पेन’ तो नव्हे, त्याचे वडील! त्यांचंही नाव विल्यमच, म्हणून हा घोळ.

थोरले पेन १६२१ साली ब्रिस्टलमध्ये जन्मले. क्रॉमवेलच्या काळात ते आरमारप्रमुख होते. १६५५ मध्ये त्यांच्या मोहिमेने जमैका जिंकलं, तरी परतल्यावर टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद झाली. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि हेच पेन राजा दुसऱ्या चार्ल्सकडून ‘सर’ झाले, वेमथचे खासदारही. शेजारी प्रसिद्ध डायरीकार सॅम्युअल पीप्स. त्याने डायरीत पेनना यथेच्छ नावं ठेवली आहेत. तरी १६६६ च्या आगीत दोघांनी मिळून खड्डा खणला आणि वाइन पुरली!

पत्नी मार्गारेट, मुलं तीन. त्यातला विल्यम क्वेकर झाला. म्हणजे युद्धाला विरोध, राजापुढेही टोपी काढायची नाही. तेही ॲडमिरलच्या घरात! वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं. १६७० मध्ये वडील गेले, त्याआधी मात्र समेट झाला होता.

राजाकडे पेन कुटुंबाचे सुमारे १६,००० पौंड थकले होते. त्या बदल्यात १६८१ मध्ये मुलाला अमेरिकेत जमीन मिळाली. त्याने ‘सिल्व्हेनिया’, म्हणजे वनभूमी, हे नाव सुचवलं. राजाने ॲडमिरलच्या सन्मानार्थ पुढे ‘पेन’ जोडलं. लोक आपल्याला गर्विष्ठ समजतील या भीतीने मुलाने नाव बदलण्यासाठी अधिकाऱ्याला २० गिनी देऊ केल्या. उपयोग झाला नाही.