रिकामा वेळ नसणाऱ्यांची कला

मी विणते हे कळलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढा वेळ कसा मिळतो हो तुम्हाला?" कधी त्यात कौतुक असतं, कधी बारीकसा टोमणा. नोकरी आहे, घर आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, थोरांची औषधं आहेत, आणि ही बाई स्वेटर विणत बसते! आजच्या भागात या प्रश्नाचं उत्तर आपण इतिहासात शोधणार आहोत. कारण विणकाम हे रिकामा वेळ असलेल्यांचं काम आहे, हे त्या प्रश्नात आधीच धरून चाललेलं आहे. इतिहास मात्र याच्या बरोबर उलट सांगतो.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत आपण कापड विणतो, बाज विणतो आणि स्वेटरही विणतोच. क्रियापद एक, पण कामं फार वेगळी. मागावर ताणा लावायचा, बाणा फिरवायचा, तर माणसाला मागापाशी बसावं लागतं. माग खांद्यावर टाकून बाजारात जाता येत नाही. सुयांवरच्या विणकामात मात्र एकच धागा असतो आणि तो स्वतःच्याच फासातून पुढे जातो. दोन सुया, एक गुंडा, बस्स. हाक आली की ओळ संपवून पिशवीत टाकायचं, पुन्हा वेळ मिळाला की तिथूनच उचलायचं. काहीही बिघडत नाही. ही कला व्यापातल्या माणसाच्या हातात का टिकली, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

भारतात मागाची परंपरा हजारो वर्षांची आहे, पण घराघरातलं सुयांवरचं विणकाम त्या मानानं नवीन. जगातले सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे सुयांवरच्या विणकामाचे नमुने इजिप्तमधले आहेत. निळ्या-पांढऱ्या सुती धाग्यांत नक्षी काढलेले मोजे आणि त्यांचे तुकडे. अभ्यासक त्यांचा काळ साधारण अकरावं ते चौदावं शतक धरतात. आता गंमत पाहा. जुन्या कैरोतल्या फुस्तातच्या उकिरड्यांत आपल्या गुजरातचं ठशांनी छापलेलं सुती कापडही सापडलं आहे. म्हणजे आपलं कापड तिथवर पोचलं होतं, पण सुयांची ही कला आपल्या घरांत मोठ्या प्रमाणावर रुजली ती एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या शाळा आणि युरोपीय कुटुंबं यांच्यामार्फत.

मधल्या काळात युरोपात काय घडलं? काही शहरांत विणकरांचे संघ होते आणि त्यांत पुरुष असत. विणकाम हा बायकांचा छंद ही कल्पना बरीच नंतरची. 1589 साली इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्र तयार केलं. खरं तर तिथेच हातांचं काम संपायला हवं होतं. पण गरिबांच्या घरी यंत्र नव्हतं, हात होते. त्यामुळे हातविणकाम पुढची तीनशे वर्षं चालूच राहिलं, आणि चाललं ते दुसरी कामं करता करता.

फ्रान्सच्या नैऋत्येला लांद नावाचा प्रदेश आहे. पूर्वी तो दलदलीचा होता. तिथले मेंढपाळ पायांना उंच काठ्या बांधून चालत, म्हणजे पाय कोरडे राहत आणि लांबवर पसरलेल्या मेंढ्याही दिसत. पाठीला टेकू म्हणून आणखी एक लांब काठी लावून ते उंचावर टेकून उभे राहत आणि विणत बसत. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत आणि छायाचित्रांत ते तसेच दिसतात. डोळे मेंढ्यांवर, बोटं सुयांवर.

उत्तर इंग्लंडमधल्या डेंट या खोऱ्यातले विणणारे तर 'भयंकर विणणारे' म्हणूनच प्रसिद्ध झाले. रॉबर्ट साउदी या कवीनं त्यांच्याविषयी लिहून ठेवलं आहे. यातलं 'भयंकर' म्हणजे आपण 'भयंकर छान' म्हणतो ना, तेच. पुरुष, बायका, मुलं, सगळेच विणत. संध्याकाळी एकेका घरी जमत, म्हणजे एकाच चुलीवर आणि एकाच दिव्यावर अनेकांचं काम भागे. गप्पा, गोष्टी, गाणी आणि सोबत मोजे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथल्या बायका पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं जळण, पाठीवरच्या टोपलीतून घरी आणत. पाठीवर ओझं आणि हातात विणकाम. कमरेला भोकं पाडलेला चामड्याचा पट्टा असे. त्यात एका सुईचं टोक खोचलं की सुई स्थिर राहते आणि चालता चालता भराभर विणता येतं. अशी छायाचित्रं पाहून आज आपल्याला कौतुक वाटतं. "बघा, किती छान वेळेचं नियोजन!" असं म्हणावंसंही वाटतं.

इथे मी तुम्हाला थोडं थांबवते. त्या बाईला कुणी विचारलं होतं का, की तुला चालताना हात मोकळे सोडून नुसतं समुद्राकडे बघायचं आहे का? शेटलंडमध्ये विणकामाचा मोबदला बहुतेक वेळा रोख मिळत नसे. व्यापारी शाल किंवा मोजे घेत आणि बदल्यात दुकानातलाच चहा, कापड असा माल देत. या पद्धतीची सरकारी चौकशी झाली आणि 1872 साली तिचा अहवाल निघाला. त्यात विणणाऱ्या बायकांच्या साक्षी आहेत. हातात पैसा येत नाही, घरात चहा आहे पण पीठ घ्यायला नाणी नाहीत, अशी ती परिस्थिती. तर मंडळी, प्रत्येक रिकामा क्षण विणकामानं भरणं ही तिथे हौस नव्हती, गरज होती. आपण तिच्याकडून युक्ती जरूर घ्यावी, पण तिची सक्ती हा आदर्श म्हणून मिरवू नये.

आता आपल्या देशात येऊ. हिमाचलमधलं लाहौल खोरं. अटल बोगदा 2020 साली सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांगवर बर्फ पडला की हे खोरं महिनोन्महिने तुटलेलं असे. 1850 च्या दशकात मोरावियन पंथाचे जर्मन मिशनरी केलाँगला येऊन राहिले. त्यांतल्या मारिया हायडे यांनी तिथल्या बायका-मुलींसाठी विणकामाची शाळा चालवली. या मिशनला धर्मांतरात फारसं यश आलं नाही, पण मोजे विणणं मात्र लाहौलनं असं आपलंसं केलं की आज रंगीत भौमितिक नक्षीचे मोजे ही त्या खोऱ्याची ओळख आहे. लाहौली मोजे आणि हातमोजे यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. शिकवणारे परके होते, पण लोकर तिथली, थंडी तिथली आणि नक्षीही तिथलीच झाली. बाहेरून आलेली कला रोजच्या जगण्यात बसली की ती अशी आपली होऊन जाते.

'व्यापातून हातकामाला वेळ काढा' असं सगळ्या देशाला सांगितलं गेल्याचाही प्रसंग आपल्या इतिहासात आहे. ते विणकाम नव्हे, सूतकताई. 1924 साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजी अध्यक्ष होते. तिथे सदस्यत्वासाठी वर्गणीच्या पैशांऐवजी सूत मागितलं गेलं: महिन्याला 2000 वार, स्वतः कातलेलं, नाहीतर दुसऱ्याकडून मिळवलेलं. वकील असो की डॉक्टर, रोज थोडा वेळ काढून प्रत्येकानं कातावं ही अपेक्षा. ती टिकली नाही. पुढच्याच वर्षी चार आणे किंवा सूत असा पर्याय द्यावा लागला. पण ज्यांनी मनापासून धरलं, त्यांची तकली सभेतही फिरत राहिली. मला यातून एकच दिसतं. हातातल्या कामाला व्यापातून वेळ निघतो, पण तो हुकमानं निघत नाही.

आणि कधी कधी तर हुकूम नसतानाही अख्खा देश विणायला बसतो. 1962 चं चीनशी युद्ध झालं तेव्हा आपले जवान हिमालयात पुरेशा गरम कपड्यांशिवाय उभे आहेत, हे लोकांना कळलं. गावोगावच्या बायकांनी दागिने दिले आणि जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजेही विणले. जिथे स्वतःला वर्षात पंधरा दिवससुद्धा स्वेटर लागत नाही, अशा मुंबईतही सुया चालल्या. तुमच्या घरी कुणी सत्तरी-ऐंशीच्या पुढचं असेल तर जरूर विचारा. खाकी किंवा हिरव्या लोकरीची आठवण निघण्याची बरीच शक्यता आहे.

त्यानंतरची दोन-तीन दशकं म्हणजे आपल्याकडच्या विणकामाचा बहराचा काळ. शाळेत शिवण-विणकामाचा तास. हिंदी मासिकांचे हिवाळ्यातले 'बुनाई विशेषांक'. दिल्ली-पंजाबात अंगणातल्या उन्हात बसून विणणाऱ्या बायका. महाराष्ट्रात थंडी बेताची, तरी आपल्याकडे बाळंतविडा होता. टोपडं, स्वेटर, मोजे, शक्यतो घरी विणलेले. भाचा येणार म्हणून मावशीनं मुंबईच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, उभ्यानं टोपडं पुरं केलं, हे आपल्यातल्या कितीतरी घरांत घडलेलं आहे.

याच काळात एक चेष्टाही रूढ झाली: सरकारी कचेरीत काम सोडून स्वेटर विणणारी बाई. व्यंगचित्रांत ती हमखास असे. कुणी कामचुकारपणा केला नसेल असं मी म्हणत नाही. पण त्याच कचेरीतल्या टपरीवरच्या तासभराच्या चहावर आणि सिगरेटीवर तेवढी व्यंगचित्रं का निघाली नाहीत? बाईच्या हातातलं विणकाम दिसतं, म्हणून तिचा वेळ मोजला जातो. पहाटे साडेचारला उठून दोन डबे भरून ती आलेली असते, ते मात्र कुणाला दिसत नाही. सुरुवातीच्या प्रश्नातला टोमणा येतो तो इथूनच.

मग लुधियानाच्या यंत्रांवरचे तयार स्वेटर स्वस्त झाले आणि हातानं विणण्याची गरज संपली. लोकरच तयार स्वेटरपेक्षा महाग पडू लागली. मंडळी, मला वाटतं विणकाम खऱ्या अर्थानं छंद झालं ते याच वेळी. आता ते पोटासाठी नाही, थंडीसाठी नाही, कुणी सांगितलं म्हणूनही नाही. शेटलंडच्या त्या बाईला जे नव्हतं ते आपल्याकडे आहे: न विणण्याची मोकळीक.

ही मोकळीक सांभाळून, जुन्या लोकांकडून तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत.

पहिली, काम लहान ठेवावं. मोजे, टोपडं, मफलर, जे एका पिशवीत मावेल ते. एलिझाबेथ झिमरमन या विसाव्या शतकातल्या नामवंत विणकाम-लेखिका तर नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून विणत.

दुसरी, एका वेळी दोन कामं सुयांवर असू द्यावीत. एक साधं सुलट-उलट, प्रवासात, रांगेत, फोनवर बोलताना चालणारं. दुसरं नक्षीचं, मोजून करायचं, ते घरच्या शांत वेळेसाठी. जाळीची वीण लोकलमध्ये काढायला गेलात तर दादरला टाका गळतो आणि ठाण्याला लक्षात येतं.

तिसरी, डेंटच्या लोकांसारखं शक्य तेव्हा एकत्र बसावं. एकीचा टाका गळला तर दुसरी उचलून देते, आणि गप्पा होतात त्या वेगळ्याच.

आणि वेळेचं म्हणाल, तर हिशेब करून पाहू. चाळीस टाक्यांचा मफलर, साधारण तीनशे ओळी. म्हणजे बारा हजार टाके. साधारण हातानं मिनिटाला वीस टाके पडतात असं धरू. सहाशे मिनिटं, म्हणजे दहा तास. ऐकायला खूप वाटतं. पण रोज वीस मिनिटं धरली तर महिन्याभरात मफलर तयार. ही वीस मिनिटं वेगळी काढावी लागत नाहीत. कुकरच्या शिट्ट्यांत, दवाखान्यातल्या बाकावर, मुलाचा क्लास सुटेपर्यंतच्या पायरीवर ती आधीच सांडलेली असतात.

पण एखाद्या दिवशी ती वीस मिनिटं नुसतं खिडकीबाहेर बघण्यात गेली, तर जाऊ द्यावीत. सुयांवर टाके असतातच, ते कुठे जात नाहीत. "एवढा वेळ कसा मिळतो?" असं कुणी विचारलं तर मी हल्ली सांगते, ही कला ज्यांनी सांभाळली त्यांना कुणालाच वेळ नव्हता. मला निदान थांबायची मुभा आहे.

तुमच्या घरात कुणी विणत असेल, तर ते कुणाकडून शिकले आणि कुठल्या वेळात विणत आले, हे विचारून लिहून ठेवा. हा इतिहास कागदपत्रांत फार थोडा सापडतो. तो बहुतेक त्यांच्याच आठवणीत आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.