पाठीमागून येणारं विमान

अड्यार म्हटलं की चेन्नईतली समुद्राकडची वस्ती आठवते. पण त्याच नावाची नदी वरच्या अंगाला मीनंबाक्कम विमानतळातून वाहते. दुसरी धावपट्टी चक्क पुलावरून नदीपार नेली आहे. जवळच परंगीमलैला लष्कराची अकादमी. आम्ही तिथे होतो तेव्हा ती ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल होती आणि कवायत करताना विमानांचा आवाज कायम कानावर असे. आजचा प्रश्न तिथलाच: उड्डाणासाठी धावपट्टीवर थांबलेल्या वैमानिकाला मागून उतरणारं विमान दिसतं कसं?

दिसत नाही. विमान धावपट्टीवर सरळ उभं राहिलं की धोका पाठीला. म्हणून बघायचं ते आत शिरण्याआधी. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला आणलेलं टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुढे मद्रासला नेलं, त्या जमान्यात सगळी भिस्त डोळ्यांवर. पुढे रेडिओ आला आणि पाठ राखायचं काम कानांकडे गेलं. कोण उतरतंय, कोणत्या पट्टीवर, हे त्याच फ्रिक्वेन्सीवर ऐकू येतं.

ऐकू येतं, पण नेहमी नाही. १ फेब्रुवारी १९९१, लॉस एंजेलिस. नियंत्रकाने एका छोट्या विमानाला धावपट्टीवर थांबवलं आणि कामाच्या गर्दीत ती विसरली. त्याच पट्टीवर बोइंगला उतरू दिलं. अंधारात छोट्या विमानाचे दिवे धावपट्टीच्या दिव्यांत मिसळून गेले होते. त्यातले बाराही जण गेले.

हानेडाचा अपघात मला जास्त अस्वस्थ करतो. २ जानेवारी २०२४. जपानी तटरक्षक दलाचं विमान नोटोच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. टॉवरने सांगितलं, तुम्ही पहिल्या क्रमांकावर, थांब्यापर्यंत या. वैमानिकाचा समज झाला की परवानगी मिळाली. ते टॉवरशी बोलू लागले त्याच्या काही सेकंद आधीच मागच्या प्रवासी विमानाला उतरण्याची परवानगी देऊन झाली होती. सुमारे चाळीस सेकंद ते पट्टीवर उभे होते. टॉवरमधल्या पडद्यावर इशारा उमटला, तो कुणी पाहिला नाही. सहापैकी पाच जण मेले. प्रवासी विमानातले सर्व ३७९ बाहेर पडले, ही त्या कर्मचाऱ्यांची कमाल.

आणि आपल्याकडे? ८ जून २०२४ ला मुंबईत एअर इंडियाचं विमान तिरुवनंतपुरमसाठी धावत असतानाच त्याच पट्टीवर मागून इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान टेकलं. पुढचं वेळेत उचललं गेलं. त्या नियंत्रकाला कामावरून बाजूला करून चौकशी सुरू झाली. जपानने तर हानेडानंतर 'पहिला क्रमांक' हे शब्दच काही महिने बंद ठेवले होते.