शरणपूर ते शिवडी

हे आयुष्य कोणा एकाचं नाही, म्हणून इथे नाव दिलेलं नाही. नाशिकच्या ख्रिस्ती मंडळीतून फौजेत आणि फौजेतून तेल कंपनीत गेलेल्या कोणाचंही ते असू शकेल. थोडा वेळ ते तुमचं समजा.

१९४३ साल. तुम्ही आठ वर्षांचे आहात. महायुद्ध पेटलंय आणि देवळालीची छावणी गोऱ्या शिपायांनी भरलीय. पण तुमचं लक्ष आहे आजोबांच्या गोष्टीत. नाशिकच्या याच शरणपुरात, चर्च मिशनरी सोसायटीच्या वस्तीत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं वाढली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या शवाबरोबर थेट लंडनला पोचला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. आजोबा ‘आपल्या शरणपूरचा जेकब’ असं म्हणतात, तेव्हा तुमची छाती फुगते.

अठराव्या वर्षी तुम्ही भरती होता. फाळणीनंतर तोफखान्याची शाळा काकुलहून देवळालीला आलीय आणि जवानांचं केंद्र नाशिकरोडला आहे. म्हणजे घरापासून सायकलच्या अंतरावर तुम्ही तोफ चालवायला शिकता. पंचवीस पौंडी तोफ. गोळा सुमारे सव्वाअकरा किलोंचा. तो आधी आत सारून ठोकायचा, मग मागून पितळी काडतूस, मग झाकण बंद. सहा माणसांचे हात एका लयीत चालले पाहिजेत. सप्टेंबर १९६५ मध्ये, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, खेमकरणजवळ असल उत्तरच्या उसाच्या शेतांकडे तोंड करून तुमची तोफ दिवसरात्र बोलते. त्या दिवसांत उजव्या कानाला जो दडा बसतो, तो पुन्हा सुटत नाही.

फौजेतून सुटल्यावर मुंबई. शिवडीला बर्मा-शेलच्या तेलाच्या टाक्यांवर नोकरी लागते. पहिल्याच दिवशी सांगतात, नालाचे बूट इथे चालणार नाहीत, ठिणगी उडेल. काडेपेटी फाटकावर जमा. मग टँकरच्या शिडीवरून वर चढायचं, झाकण उघडायचं आणि डिप घ्यायची, म्हणजे आतलं तेल मोजायचं. पितळी दांडीच्या टोकाला पेस्ट लावून ती तळाला टेकवायची. तळाशी पाणी असेल तर पेस्ट लाल होते. काचेच्या जारमध्ये हायड्रोमीटर सोडून घनता बघायची, थर्मामीटर वाचायचा आणि तक्त्यावरून हिशेब जुळवायचा, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. तोफेवर एका अंशाची चूक चालायची नाही, इथेही चालत नाही. मला वाटतं, म्हणूनच फौजेतली माणसं या कामात इतकी पक्की निघाली.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन होतं. पाळक तुमचेच, ‘उपासना संगीत’ही तेच, मंडळीच्या पाटीवरचं नाव मात्र बदलतं. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये युद्ध सुरू होतं. मुंबईत ब्लॅकआउट, मोटारींचे दिवे निम्मे काळे केलेले, आणि तुम्ही पेट्रोलच्या टाक्यांमध्ये पहाऱ्यावर. आपल्या नौदलाने कराचीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्याची बातमी येते. बाकीचे जल्लोष करतात. तुम्ही वर आपल्या टाक्यांकडे बघता. तिथल्या टाक्यांवर डिप घेणाराही कोणी असेल, हे तुमच्या मनातून जात नाही. त्या रात्री तुम्ही शत्रूच्या कामगारांसाठी प्रार्थना करता. या सगळ्या आयुष्यात मला सर्वांत मोठी वाटते ती ही प्रार्थना.

१९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाला मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायमध्ये तेल लागतं. १९७६ च्या जानेवारीत सरकार बर्मा-शेल ताब्यात घेतं आणि पुढच्या वर्षी तिचं नाव भारत पेट्रोलियम होतं. पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाल्यापासून शनिवारी रात्री नाशिकरोडला उतरणं सोपं झालंय. नखांत पेट्रोलचा वास, पण रविवारी सकाळी प्रभुभोजनाला तुम्ही हजर.

१९९३ ला निवृत्ती. पाच वर्षांनी मुंबईहून मनमाडला जमिनीखालच्या नळातून पेट्रोल आणि डिझेल वाहू लागतं. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोवरून जाताना तुम्ही नातवाला टाक्या मोजून दाखवता.

आज वय नव्वदीच्या घरात. गीत सुरू झालं की पेटी नीट ऐकू येत नाही, पण ओठ बरोबर हलतात. सगळी कडवी पाठ आहेत.

आता स्वतःच्या वयात परत या. मंडळीच्या नोंदवहीत माणसाचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन एवढंच लिहिलं जातं. मधलं आयुष्य विचारल्याशिवाय कळत नाही. तुमच्या चर्चमध्ये, गल्लीत, घरात असे कोणी असतील तर या रविवारीच त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. जरा मोठ्याने बोला. तोफखान्यातल्या माणसांना कमी ऐकू येतं.