ओढीच्या खुणा

जेजुरीकडून मोरगावी मयूरेश्वराच्या दर्शनास येणाऱ्या यात्रिकास कऱ्हेकाठची जी जिराईत भूमी लागते, तिच्यावरून याच बारामती तालुक्यात दक्षिणेस, नीरेच्या कालव्याखाली, ऊस किती दाट उभा असतो याची कल्पना येत नाही. हंगामभर ऊस ओढलेले बैल, आणि अलीकडे ट्रॅक्टर, बाजारात येतात आणि अल्प भांडवलाच्या कोरडवाहू कुणब्यास परवडतात. म्हणून या जनावराने अथवा यंत्राने पूर्वी काय ओढले, हे ओळखण्याची विद्या या मुलखात पोटासाठीच शिकावी लागली.

नीरेचा डावा कालवा 1885 साली वाहू लागला. आरंभी उसाचे गाळप शेताजवळच्या गुऱ्हाळातच होई आणि पेठेकडे जाई तो गूळ. शंभर मण उसाचा गूळ फार तर दहाबारा मण, त्यामुळे गाडीबैलांवर पडणारा भार मर्यादित राही. 1930 नंतरच्या दशकात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला, स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, भवानीनगर व सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले, आणि जो ऊस शेतातच आटत असे तो आता सगळाच्या सगळा, आपल्या पाण्याच्या वजनासह, रस्त्यावर आला. लोखंडी धावेची चाके जाऊन टायरची गाडी आली, तेव्हा चाक हलके फिरू लागले खरे. परंतु त्या सुलभतेचा लाभ बैलास न मिळता गाडीवर दीडदोन टन ऊस रचण्यासाठी घेतला गेला, ही गोष्ट या प्रगतीच्या इतिहासात मला नेहमी खुपत आली आहे.

बीड-नगरकडील ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन बैलांसह येतात, आणि पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की उन्हाळ्यातील वैरणीच्या भयाने त्यांतील अनेक जण बैल विकून गावी परततात. अशा बैलाचे परीक्षण करताना जाणता शेतकरी दात पाहतोच, कारण दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, यावर वय ठरते. मात्र ओढीचा पुरावा दातांत नसतो. तो खांद्यावर असतो. दुचाकी गाडीचा भार पुढे कलला की जू मानेवर बसते, खांदा सुजतो, चामडे जाड होते, आणि उपेक्षा झाल्यास आवाळू वाढते. हेडी शिंगे तासून हिंगूळ लावील, अंगाला तेल चोळील. परंतु खांदा दाबताच बैल अंग चोरतो तेव्हा रंगरंगोटीचा काही उपयोग होत नाही. खुरांवर पत्रीच्या खिळ्यांच्या खुणा असल्या तर हे जनावर नांगरापेक्षा सडकेवर अधिक चालले असे समजावे. म्हणूनच गाडीला जुंपून, चढावर चालवून पाहिल्यावाचून सौदा पुरा करू नये, हा संकेत रास्त होय.

ट्रॅक्टराच्या बाबतीत तपासणीची रीत निराळी, परंतु तर्क तोच. मागे उसाने भरलेले दोन ट्रेलर लावले म्हणजे भार हुकावर येतो, चढावर पुढची चाके उचलू पाहतात, आणि क्लच, गिअरपेटी व मागील आस यांवर जो ताण पडतो तो नांगरटीत सहसा पडत नाही. इंजिनाचा आवाज गोड असणे, पत्रा नवा रंगवलेला असणे, यांवर भुलणाऱ्यास मी सांगेन की आधी यंत्राच्या मागे जाऊन बसावे: हुकाचे भोक गोल आहे की लांबट झाले आहे, मागल्या हाउसिंगवर वेल्डिंगचा सांधा दिसतो काय, टायरची नक्षी सडकेवर घासून मधोमध सपाट झाली आहे काय, हे निरखावे. नंतर भरलेला ट्रेलर जोडून क्लच सोडताना हिसका बसतो का ते अनुभवावे.

एवढ्यावरून यंत्र त्याज्य ठरत नाही. जे राबले ते झिजणारच, आणि त्या झिजेचा खर्च किमतीतून वजा घालता येतो. आक्षेप आहे तो लपवाछपवीला. बैलाच्या विक्रीत शिंगांचा, रंगाचा उल्लेख असलेला दाखला मागण्याची जी सावधगिरी पूर्वजांनी बाळगली, तीच आरसी बुकावर वित्तसंस्थेचा बोजा शिल्लक आहे काय हे पाहताना बाळगावी. आणि ट्रेलरही सौद्यात असेल तर त्याची नोंदणी स्वतंत्र असते, म्हणून त्याचे कागद निराळे मागून घ्यावेत, इसार त्यानंतर द्यावा.