लग्नाच्या सीडीची कुळकथा

रत्नागिरीच्या मांडवीला काळ्या वाळूचा किनारा आहे, दारात अरबी समुद्र आहे आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. अशा हवेत कपाटातली लग्नाची सीडी किती वर्षं टिकेल, हे तिच्या जन्मातच ठरलेलं आहे.

सीडी १९८२ मध्ये फिलिप्स आणि सोनीने बाजारात आणली. ती गाण्यांची, कारखान्यात साच्यातून ठसे उमटवलेली. घरी तिच्यावर काही भरता येत नसे. कोरी सीडी जपानच्या ताइयो युदेन कंपनीने १९८८ मध्ये काढली. ठशांऐवजी सेंद्रिय रंगाचा पातळ थर, लेसरच्या उष्णतेने त्यावर पडणारे डाग, आणि ते डाग म्हणजेच आपली माहिती. आता रंग म्हटला की विटणं आलंच!

पुढे थॅलोसायनिन हा अधिक टिकाऊ रंग आला. हा रंग आणि सोन्याचा थर असलेल्या सीडीला कॅनडाची सरकारी संवर्धन संस्था शंभराहून जास्त वर्षं देते. पुसून पुन्हा भरता येणाऱ्या सीडीला मात्र २० ते ५०. हे आकडे नीट साठवणीचे. अमेरिकेच्या मानक संस्थेची शिफारस ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेची आहे. जुलैतल्या मांडवीत हे जमायचं कसं?

फोटोग्राफर सीडी मारून देत, ती बहुधा स्वस्तातली, चांदीच्या थराची. त्यावर बॉलपेनाने वधूवरांची नावं! खालची चकचकीत बाजू सगळे जपतात, पण सीडीतली माहिती असते वरच्या बाजूला, जेमतेम लाखेच्या लेपाखाली. ओरखडा तिथे गेला की संपलं. डीव्हीडीत ती दोन प्लास्टिकच्या चकत्यांमध्ये असल्याने थोडी सुरक्षित.

दमट हवेला बुरशीचीही साथ असते. २००१ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझहून आलेल्या सीडीवर जिओट्रिकम वर्गातली बुरशी नोंदवली. तिने प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम दोन्ही पोखरलं होतं. बेलीझही कोकणासारखंच उष्ण, दमट आणि समुद्रकाठचं.

सीडी टिकली तरी ती वाचणारं यंत्र कुठे आहे? नव्या लॅपटॉपमधून ड्राइव्ह गेला. भारतातली कोऱ्या डिस्कची मोठी उत्पादक मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. तेव्हा ड्राइव्हवाला जुना संगणक कुणाकडे चालू असेल, तर यंदाच्या मिरगाआधी लग्न, मुंज, बारसं सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. आणि एक प्रत पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांकडे ठेवा.