भुलाभाईंचा बंगला आणि न राखलेले दफ्तर

मराठी प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण बहुधा १९६० साली स्थापन झालेल्या ‘रंगायन’पासून सुरुवात करतो, १९६७ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर थोडे थांबतो आणि १९७४ मध्ये दादरच्या छबिलदास शाळेत येऊन पोहोचतो. नाटककारांची, दिग्दर्शकांची नावे आपल्याला पाठ असतात. पण या मंडळींनी तालमी कुठे केल्या, शेजारच्या खोलीत कोण बसले होते, त्या जागेचे भाडे कोणी सोसले, हे प्रश्न आपल्याकडे सहसा विचारले जात नाहीत. राजवाडे, किल्ले आणि दर्गे यांची नोंद गॅझेटियरमध्ये होते. तालमीच्या जागेची होत नाही. म्हणून मुंबईच्या एका बंगल्याविषयी लिहावेसे वाटते.

हा बंगला वॉर्डन रोडवर, समुद्राकाठी होता. तो नामांकित कायदेपंडित भुलाभाई देसाई यांचा. त्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. भुलाभाईंचे नाव आपल्या वाचकांना दोन कारणांसाठी ठाऊक असायला हवे. पहिले कारण सर्वांना माहीत आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्या बचावाची मुख्य बाजू भुलाभाईंनी मांडली. प्रकृती ढासळलेली असताना केलेले ते काम होते. दुसरे कारण मात्र आपण विसरलो आहोत. त्याच वर्षाच्या आरंभी भुलाभाई आणि मुस्लिम लीगचे लियाकत अली खान यांच्यात हंगामी सरकारविषयी एक समझोता झाला होता. काँग्रेस आणि लीग यांना त्यात समान जागा मिळायच्या होत्या. गांधीजींना त्याची कल्पना होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण पुढे लियाकत अलींनी हात झटकले, काँग्रेसच्या नेत्यांनीही पाठ फिरवली आणि मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत भुलाभाईंना उमेदवारी मिळाली नाही. ६ मे १९४६ रोजी ते वारले. फाळणीच्या इतिहासात हा समझोता दोन-चार ओळींत उरकला जातो, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

त्यांच्या पश्चात त्यांची सून मधुरीबेन देसाई यांनी या बंगल्यात भुलाभाई स्मारक संस्था उभी केली. कारभारात सोली बाटलीवाला हे पारशी गृहस्थ त्यांच्या सोबत होते. चित्रकारांना स्टुडिओ, नाटकवाल्यांना तालमीला जागा, संगीतकारांना वर्ग, आणि मोबदला जवळजवळ नावापुरता. नियम फारसे नव्हते, आणि मला वाटते संस्थेचे खरे बळ तेच होते. आज कुठल्याही सांस्कृतिक केंद्राचा पाया घालताना आधी समिती नेमतात, मग घटना लिहितात. कलावंत सर्वांत शेवटी येतो.

पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत या घरात कोण कोण वावरले! पंढरपुरात जन्मलेले आणि सिनेमाची पोस्टरे रंगवीत वाढलेले मकबूल फिदा हुसेन यांचा स्टुडिओ इथे होता. वासुदेव गायतोंडे इथेच काम करीत. कराचीत जन्मलेल्या नसरीन मोहमदी तरुण वयात इथे काम करायला आल्या, आणि गायतोंडे यांच्याशी त्यांचा परिचय झाला तो या घरात. बाळ छाबडा यांची ‘गॅलरी ५९’ याच संस्थेत निघाली. रविशंकरांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या ‘किन्नर’ या संगीतशाळेलाही या घराने जागा दिली. एका खोलीत रंग, दुसऱ्या खोलीत सतार आणि मोकळ्या जागेत नाटकाची तालीम.

यातली नाटकाची बाजू सांभाळली इब्राहिम अल्काझी यांनी. त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ते पुण्याचे. १८ ऑक्टोबर १९२५ रोजी पुण्यात जन्मले. वडील अरबस्तानातून आलेले व्यापारी, आई कुवेतची. घरात अरबी, शाळा सेंट व्हिन्सेंट. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात असताना सुलतान पदमसी यांच्या ‘थिएटर ग्रुप’मध्ये ते आले. पदमसी १९४६ मध्ये अगदी तरुणपणी गेले. त्यांची बहीण रोशन अल्काझींची पत्नी झाली, आणि त्यांच्या नाटकांची वेशभूषा पुढे अनेक वर्षे तिने सांभाळली. फाळणीनंतर कुटुंबातली बाकीची माणसे पाकिस्तानात गेली. अल्काझी इथेच राहिले. लंडनला नाट्यशिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी १९५४ मध्ये ‘थिएटर युनिट’ काढले, नाट्यशिक्षणाची शाळा चालवली आणि कम्बाला हिलवरच्या विठ्ठल कोर्ट या इमारतीच्या गच्चीवर ‘मेघदूत’ नावाचे खुले नाट्यगृह उभारले. ‘थिएटर युनिट बुलेटिन’ हे मासिक पत्रकही त्यांनी चालवले, देशभरच्या नाटकांच्या बातम्या देणारे. त्यांची नाटके इंग्रजीत होती हे खरे. पण त्यांच्याकडे शिकलेल्या विजया मेहता यांनी ती शिस्त मराठीत आणली. उच्चार, हालचाल, प्रकाश, रंगमंचावरची रिकामी जागा या सगळ्यांचा एकत्र विचार करायची ती शिस्त. ‘रंगायन’च्या तालमी आणि प्रयोग भुलाभाई संस्थेत झाले, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

इथे मला ऐक्याचे गोडवे गायचे नाहीत. त्या घरात कोणी कोणाला धर्माचा प्रतिनिधी म्हणून बोलावले नव्हते. हुसेन चांगले चित्र काढतात आणि अल्काझींना नाटक बसवता येते, एवढीच ओळख पुरेशी होती. मराठी मुसलमानाचे योगदान म्हटले की आपण लगेच शाहीर आणि सूफी संतांकडे जातो. ते योग्यच आहे. पण आधुनिक मराठी रंगभूमीच्या पायाभरणीत पुण्याचा हा अरबी मुलगा होता, हेही आपल्या खात्यावर मांडायला काय हरकत आहे?

१९६२ मध्ये अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक म्हणून दिल्लीला गेले. ‘थिएटर युनिट’ सत्यदेव दुबे यांच्या हाती आले, आणि दुबेंनी हिंदीबरोबर मराठीतही नाटके केली. पुढे मुंबईतल्या जमिनीचे भाव वाढत गेले, बंगला राहिला नाही, संस्थाही राहिली नाही. १९७१ मध्ये ‘रंगायन’मधून बाहेर पडलेल्यांनी ‘आविष्कार’ काढली, आणि तिला आधार मिळाला तो एका शाळेच्या सभागृहाचा.

बंगला गेल्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. मुंबईत बंगले जातातच. दुःख याचे आहे की त्या घराला स्वतःचे ग्रंथालय नव्हते. नाटकाचे ग्रंथालय म्हणजे छापील नाटकांची कपाटे नव्हेत. दिग्दर्शकाने खुणा केलेली संहिता, नेपथ्याचे आराखडे, प्रकाशयोजनेच्या नोंदी, प्रयोगाच्या हस्तपत्रिका, छायाचित्रे, ध्वनिफिती हे सगळे जिथे एकत्र राहते ते नाटकाचे ग्रंथालय. प्रयोग संपला की नाटक संपते. मागे राहतो तो हा कागद. भुलाभाईंच्या घरात वीसएक वर्षे जे घडले त्याचा कागद ज्याच्या त्याच्या घरी गेला.

राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र, म्हणजे एनसीपीए, २९ डिसेंबर १९६९ रोजी सुरू झाले तेही याच भुलाभाई देसाई मार्गावर, ‘आकाशगंगा’ इमारतीतल्या भाड्याच्या जागेत. जमशेद भाभा आणि जे. आर. डी. टाटा त्यामागे होते. पुढे केंद्र नरिमन पॉइंटला गेले, १९८० मध्ये टाटा थिएटर उघडले. पु. ल. देशपांडे काही काळ तेथे मानद संचालक होते, अशोक दा. रानडे यांनी संशोधनाचे काम पाहिले. तिथे ग्रंथालय आहे, ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह आहे. हे पूर्वीच सुचले असते तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाड्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट विशेष जाणवते. आमचे गाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे. होळीत आमच्याकडे ढोल वाजतो, माणसे रात्रभर नाचतात. त्याला बंगला लागत नाही. पण ती कला ज्याला अभ्यासायची आहे, किंवा साठ वर्षांपूर्वीचे एखादे मराठी नाटक कसे बसवले गेले हे ज्याला पाहायचे आहे, त्या इथल्या मुलाला सुरतमार्गे मुंबईच गाठावी लागते. तिथे जाऊनही त्याला भुलाभाईंच्या बंगल्याचे दफ्तर मिळणार नाही, कारण ते कोणी राखलेच नाही.

जे आहे ते तुकड्यांत आहे. विजया मेहता यांचे ‘झिम्मा’ हे आत्मकथन २०१२ मध्ये आले. अल्काझींचे कागद दिल्लीत त्यांच्या प्रतिष्ठानाकडे आहेत, आणि त्यांची कन्या अमाल अल्लाना यांनी २०२४ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले, इंग्रजीत. तेंडुलकर २००८ मध्ये गेले, दुबे २०११ मध्ये, सुलभा देशपांडे २०१६ मध्ये, डॉ. लागू २०१९ मध्ये, अल्काझी ४ ऑगस्ट २०२० रोजी. त्यांच्या बरोबरीने त्या घरात राबलेल्या कितीतरी लहान नटांच्या, प्रकाशयोजनाकारांच्या, तंबोरा धरणाऱ्यांच्या वह्या अजून दादर-गिरगावच्या घरांत माळ्यावर असतील. जुनी घरे पाडून नव्या इमारती बांधण्याचे काम तिकडे जोरात चालू आहे.